साखरेच्या पैशाचे काय झाले?

नोव्हेंबर १९७४ मध्ये जागतिक बाजारात कच्च्या साखरेचा भाव पौंडाला ६० सेंटच्या वर गेला होता. ज्याच्याकडे साखर त्याच्याकडे डॉलर, असे दिवस होते. नेमक्या त्याच सुमारास युरोपीय आर्थिक समुदाय आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या जुन्या वसाहतींशी एका कराराची बोलणी करत होता. युरोपने दरवर्षी ठरलेली साखर हमीभावाने घ्यायची, आणि या हमीला मुदत नाही. अडचण एवढीच की देऊ केलेला भाव तेव्हाच्या बाजारभावापेक्षा खालचा होता. तेजीच्या ऐन भरात कमी भावाला बांधून घेण्याचा उत्साह फारशा देशांत नव्हता. हिंदी महासागरातल्या मॉरिशसने मात्र मिळेल तेवढा कोटा पदरात पाडून घेतला. एकूण सुमारे १३ लाख टनांपैकी ५ लाख टनांहून थोडी अधिक साखर या एकट्या बेटाच्या वाट्याला आली. फेब्रुवारी १९७५ मध्ये टोगोची राजधानी लोमे इथे करारावर सह्या झाल्या. १९७७ उजाडेपर्यंत बाजारभाव १० सेंटच्या खाली आला होता, आणि पुढची तीसेक वर्षे बहुतेक हंगामांत युरोपचा भाव बाजारापेक्षा कितीतरी चढा राहिला.

म्हणजे घबाड हाती लागले. पण गरीब देशांच्या इतिहासात घबाड ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. नायजेरियाला तेलाचे मिळाले, झांबियाला तांब्याचे, घानाला कोकोचे, आणि त्या पैशातून उभी राहिलेली अर्थव्यवस्था दाखवा म्हटले तर बोट कुठे ठेवावे असा प्रश्न पडतो. मॉरिशसमध्ये ते बोट ठेवता येते. १९६८ मध्ये हा देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या निर्यातीत साखरेचा वाटा नव्वद टक्क्यांहून जास्त होता. आज तिथे कापड आणि तयार कपडे आहेत, पर्यटन आहे, वित्तसेवा आहेत, दरडोई उत्पन्न ११ हजार डॉलरच्या पुढे आहे, आणि साखर एका कोपऱ्यात आहे. हा बदल कसा झाला याची प्रचलित उत्तरे बहुतेक धोरणांच्या भाषेत दिली जातात. निर्यातक्षेत्र काढले, करसवलती दिल्या, शिक्षण फुकट केले, असे सांगितले जाते. ही उत्तरे खोटी नाहीत. पण हीच धोरणे कागदावर डझनभर देशांनी केली आणि त्यांचा उपयोग झाला नाही. माझ्या मते मूळ गोष्ट वेगळी आहे. जुन्या धंद्यात ज्यांचा नफा आहे आणि राज्यसत्ता ज्यांच्या हाती आली आहे, हे दोन गट निराळे होते. त्यांच्यात नफा कुणी किती घ्यायचा आणि कुठे घालायचा याबद्दल एक न लिहिलेली तडजोड झाली आणि ती टिकली. मॉरिशसचे स्थित्यंतर मुख्यतः त्या तडजोडीतून आले आहे, आणि तिची किंमतही देशाने मोजली आहे.

ही तडजोड किती अनपेक्षित होती हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. १९६० मध्ये ‘कॅरोल’ नावाच्या चक्रीवादळाने बेटावरची घरे आणि उभा ऊस झोपवला. ब्रिटिश वसाहत सरकारने पुढचे काय ते सांगण्यासाठी इंग्लंडहून तज्ज्ञ बोलावले. समाजधोरणाच्या बाजूने रिचर्ड टिटमस आले आणि अर्थकारणाच्या बाजूने केंब्रिजचे जेम्स मीड, ज्यांना पुढे १९७७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. १९६१ मधल्या मीड यांच्या अहवालाचा सूर काळाकुट्ट होता. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस हिवतापाचा बंदोबस्त झाल्यापासून मृत्यू घटले होते, जन्म घटले नव्हते, आणि लोकसंख्या वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास वाढत होती. जमीन संपलेली. सगळ्या बेटाचा आकार जेमतेम १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन तालुक्यांएवढा. उद्योग एकच. आणि त्यावर विसंबलेला समाज वंशाने, धर्माने, भाषेने फाटलेला. एकूण संख्येच्या दोनेक टक्के असलेल्या फ्रेंच वंशाच्या घराण्यांकडे साखरेचे मोठे मळे आणि कारखाने. गुलामीतून मुक्त झालेल्या आफ्रिकनांचे वंशज, ज्यांना क्रिओल म्हणतात, ते गोदीत, कारागिरीत, कनिष्ठ नोकऱ्यांत. व्यापारात थोडे चिनी. आणि बहुसंख्य भारतीय वंशाचे. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, इथे उतरवले गेले होते. त्यांत मोठी संख्या भोजपुरी बोलणाऱ्यांची, पण तमिळ आणि तेलुगूही होते, आणि मुंबई बंदरातून गेलेले मराठीही. त्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेश चतुर्थीला देशात सार्वजनिक सुट्टी असते.

मीड यांचा निष्कर्ष असा की इथे शांततेत प्रगती होण्याची शक्यता कमीच आहे. अनेक लेखांत हा निष्कर्ष ‘नोबेलविजेत्याची फजिती’ म्हणून चवीने सांगितला जातो. तो तसा सांगणाऱ्यांनी अहवालाची पुढची पाने वाचलेली नसावीत. मजुरी आवाक्यात ठेवा, जास्त हातांना काम देणारे कारखाने काढा, कुटुंबनियोजन करा, हे उपाय मीड यांनीच सुचवले होते आणि देशाने थोड्याफार फरकाने तेच केले. स्त्रीमागे सहाच्या आसपास असलेले जन्मांचे प्रमाण ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत दोनच्या जवळ आले. मीड यांचे औषध बरोबर होते. रोगी ते घेणार नाही, हा अंदाज चुकला.

अंदाज चुकला, कारण बेटावरच्या जमिनीचा एक इतिहास वरवर दिसत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचे भाव पडले तेव्हा मळेवाल्यांनी आपल्या कमी कसाच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. घेणारे होते गिरमिटाची मुदत संपलेले भारतीय मजूर, ज्यांनी पै पै साठवली होती. यातून ऊस लावणाऱ्या लहान शेतकऱ्यांचा एक वर्ग तयार झाला. कारखाना गोऱ्या मालकाचा, पण त्याच्या गव्हाणीत पडणाऱ्या उसाचा मोठा हिस्सा भारतीय वंशाच्या छोट्या शेतकऱ्याचा, अशी रचना झाली. म्हणून १९६८ मध्ये शिवसागर रामगुलाम यांच्या मजूर पक्षाकडे सत्ता आली तेव्हा साखरेचा गळा आवळणे म्हणजे स्वतःच्याच मतदाराचा गळा आवळणे होते. साखर आणि सत्ता यांचे नाते काय असते हे महाराष्ट्रातल्या वाचकाला निराळे समजावण्याची गरज नाही. फरक इतकाच की तिथे कारखाना सहकारी नव्हता, खासगी होता, आणि मालक सत्ताधाऱ्यांच्या जातीचा वा धर्माचा नव्हता. उद्योग बुडवणे परवडणारे नाही, आणि मालकांना मोकळे सोडणेही राजकारणाला परवडणारे नाही. या दोन्हींच्या मधून वाट निघाली. मळ्यांचे राष्ट्रीयीकरण करायचे नाही. त्याऐवजी साखरेच्या निर्यातीवर कर बसवायचा, तो मोठ्या उत्पादकांना चढत्या दराने, लहान शेतकऱ्यांना सूट देऊन. हा कर १९९४ पर्यंत होता. त्यातून दवाखाने, शाळा आणि तांदूळ-पिठावरचे अनुदान चालायचे. वृद्धांना सरसकट निवृत्तिवेतन १९५८ पासूनच मिळत होते, आणि १९७० च्या दशकात माध्यमिक शिक्षणही फुकट झाले.

घानाशी तुलना केली की या मधल्या वाटेचे मोल दिसते. घानाचा कोको लाखो लहान आफ्रिकन शेतकरी पिकवत होते, आणि तो विकत घेण्याची मक्तेदारी सरकारी मंडळाकडे होती. शेतकरी विखुरलेले, आवाज नसलेले. मंडळाने त्यांना देण्याचा भाव दाबत नेला, फरकाचा पैसा राजधानीतल्या योजनांकडे आणि नोकरशाहीकडे वळवला. साठीच्या दशकाच्या मध्यात साडेपाच लाख टनांच्या घरात गेलेले कोकोचे उत्पादन १९८३-८४ पर्यंत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली आले. मॉरिशसच्या सरकारला तसा मोह झाला नसेल असे नाही. पण समोर संघटित, वकील-हिशेबनीस बाळगणारे, वर्तमानपत्रे हाताशी असलेले मळेवाले होते. त्यांच्याकडून कर घेता येत होता, मात्र उद्योग मरेल इतका घेता येत नव्हता. एका अर्थाने मूठभर गोऱ्या घराण्यांच्या ताकदीनेच लहान शेतकऱ्यालाही वाचवले. हे म्हणायला अवघड वाटते, पण पुरावा तिकडेच बोट दाखवतो.

करातून जे उरले ते मळेवाल्यांच्या तिजोरीत राहिले. इथे दुसरा प्रश्न येतो. हा पैसा पॅरिस, लंडन किंवा दक्षिण आफ्रिकेत का गेला नाही? काही गेलाच. पण बराच राहिला, आणि त्याचे श्रेय मी १९६९ च्या एका राजकीय घटनेला देतो. स्वातंत्र्याच्या प्रश्नावर झालेल्या १९६७ च्या निवडणुकीत चाळीस टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या विरोधात पडली होती. बहुसंख्याकांचे राज्य आले तर आपले काय, अशी भीती क्रिओल, गोरे आणि इतर अल्पसंख्याकांना होती. जानेवारी १९६८ मध्ये राजधानी पोर्ट लुईमध्ये दंगे झाले आणि ते शमवायला ब्रिटिश सैनिक आणावे लागले. सूडाला यापेक्षा सुपीक जमीन कोणती? तरी १९६९ च्या अखेरीस रामगुलाम यांनी स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाचे नेते गाएतां द्युव्हाल यांना सरकारात घेतले आणि परराष्ट्रमंत्री केले. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला. या क्रमाकडे लक्ष द्यायला हवे. आपली मालमत्ता जप्त होणार नाही अशी खात्री पटल्याशिवाय साखरेच्या घराण्यांनी नव्या कारखान्यांत हात घातला नसता. संसदेत समाजगटांचा तोल साधण्यासाठी ६२ निवडून आलेल्या सदस्यांखेरीज आठपर्यंत जागा पराभूत उमेदवारांतून भरण्याची जी तरतूद राज्यघटनेत आहे, ती याच भीतीवरचा उतारा. तिने माणसांची जमातवार विभागणी कायम ठेवली अशी टीका होते, आणि ती रास्त आहे.

निर्यात क्षेत्राचा कायदाही नेहमीचा नव्हता. बहुतेक देशांत अशा क्षेत्राला कुंपण असते, आत वेगळे राज्य आणि बाहेर वेगळे. इथे कुंपण नव्हतेच. बेटावर कुठेही, खेड्यातसुद्धा, कारखाना काढा, माल परदेशी विका, की कच्च्या मालावर आयातशुल्क नाही आणि नफ्यावर सवलत. उरलेल्या देशी बाजारपेठेला मात्र चढ्या आयातशुल्काची भिंत तशीच. मुक्त व्यापाराच्या समर्थकांना आणि विरोधकांना, दोघांनाही मॉरिशसचे उदाहरण आपल्या बाजूने देता येते ते यामुळे. खरे कारण साधे आहे. आधीच उभ्या असलेल्या संरक्षित धंद्यांच्या मालकांना दुखवायचे नव्हते, म्हणून नवी दुनिया जुनीच्या शेजारी उभी केली. नव्या कारखान्यांतले जवळजवळ निम्मे भांडवल स्थानिक होते आणि त्यात साखरेचा पैसा ठळक होता. याच घराण्यांनी समुद्रकाठी हॉटेलेही बांधली. बाकीचे भांडवल मुख्यतः हाँगकाँगचे. १९७४ च्या बहुतंतू करारामुळे श्रीमंत देशांत कापड पाठवण्यावर देशवार मर्यादा आल्या होत्या. हाँगकाँगचा कोटा भरला की तिथला कारखानदार कोटा शिल्लक असलेला देश शोधायचा. शिवाय १९८४ मध्ये हाँगकाँग चीनकडे जाणार हे ठरले, आणि भांडवलाला दुसरा आसरा हवा झाला. मेंढपाळीशी फारसा संबंध नसलेले हे उष्ण बेट ऐंशीच्या दशकात लोकरी स्वेटरांच्या निर्यातीत जगातल्या पहिल्या काही देशांत जाऊन बसले.

वाट सरळ नव्हती. साखरेच्या तेजीत सरकारने पगार आणि अनुदाने सढळ हाताने वाढवली, भाव पडल्यावर तूट आली, आणि १९७९ व १९८१ मध्ये रुपयाचे मोठे अवमूल्यन करून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात जावे लागले. बेकारी वीस टक्क्यांच्या आसपास गेली. १९८२ च्या निवडणुकीत डाव्या आघाडीने मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा जिंकल्या. मळ्यांच्या राष्ट्रीयीकरणाची भाषा करत मोठे झालेले कामगारनेते पॉल बेरांझे अर्थमंत्री झाले, आणि त्यांनी नाणेनिधीचा काटकसरीचा कार्यक्रम पुढे चालू ठेवला. आघाडी वर्षभरात फुटली, तडजोड मात्र टिकली. दशक संपता संपता निर्यात क्षेत्रात ९० हजारांच्या घरात लोक कामाला होते आणि बेकारी जवळपास संपली होती.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप नशिबाचा. युरोपने साखरेला चढा भाव दिला, कापडाच्या कोट्यांनी कारखाने आयते पाठवले, यात कर्तृत्व कसले? अर्थतज्ज्ञ अरविंद सुब्रमणियन, जे पुढे भारताचे मुख्य आर्थिक सल्लागार झाले, त्यांनीही देवेश रॉय यांच्यासह केलेल्या अभ्यासात या व्यापारी सवलतींना मोठे माप दिले आहे. ते मी नाकारत नाही. पण सवलत एकट्या मॉरिशसला नव्हती. फिजीलाही याच साखर कराराखाली मोठा कोटा होता. फिजीतही ऊस होता, गिरमिटियांचे वंशज होते, इंग्रजांची जुनी घडी होती. तिथे चार-पंचमांशाहून अधिक जमीन मूळ फिजियन कुळांच्या सामाईक मालकीची, आणि भारतीय वंशाचा शेतकरी तीस-तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. कुणाचा हक्क कुठे संपतो हे तिथे कधी ठरलेच नाही. १९८७ मध्ये भारतीयांचा पाठिंबा असलेले सरकार निवडून येताच लष्कराने ते उलथवले, आणि १९९७ पासून पट्टे संपू लागले तसे ऊसकरी जमीन सोडून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे गेले. युरोपचा चढा भाव तिथेही येत होता. तो पैसा नवा उद्योग उभा करू शकला नाही, कारण उद्या आपण इथे असू की नाही हे कुणालाच माहीत नव्हते.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. या सगळ्याचा भार कुणी उचलला? निर्यात कारखान्यांतले बहुसंख्य कामगार तरुण स्त्रिया होत्या. त्यांच्यासाठी ठरलेले किमान वेतन सुरुवातीला पुरुषांपेक्षा कमी होते, आणि जादा काम व कामावरून काढणे याबाबतचे नियम मालकाला सोयीचे. १९७१ मधल्या संपांनंतर त्या वर्षीच्या डिसेंबरात आणीबाणी आली, कामगारनेते तुरुंगात गेले, आणि १९७२ ला व्हायची निवडणूक १९७६ पर्यंत लांबली. ज्या आघाडी सरकारचे मी वर कौतुक केले, त्याच सरकारने हे केले. वरच्या मजल्यावरची तडजोड खालच्या मजल्याचे तोंड दाबून झाली, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. एवढेच सांगेन की त्याच स्त्रियांच्या हाती पहिल्यांदा स्वतःची मजुरी आली आणि ऊसतोडीपेक्षा हे काम त्यांनी पसंत केले. क्रिओल समाजाची गोष्ट अधिक कडू आहे. त्याला ना ऊसजमीन मिळाली होती, ना सरकारी नोकऱ्यांत वाटा, ना व्यापारात पाय. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या लोकप्रिय गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला तेव्हा बेटावर काही दिवस जाळपोळ झाली. तडजोडीच्या बैठकीत ज्यांना खुर्ची नव्हती ते तेव्हा रस्त्यावर दिसले.

तिसरी गोष्ट भारताशी थेट संबंध असलेली. १९८२ मध्ये दोन देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार झाला आणि १९९२ मध्ये मॉरिशसने परदेशी वित्तसंस्थांसाठी कायदा केला. भारतीय शेअर विकून झालेल्या नफ्यावर भारतात कर नाही आणि मॉरिशसमध्येही जवळपास नाही, अशी सोय झाल्यावर जगभरचा पैसा पोर्ट लुईच्या पत्त्यावरून मुंबईच्या बाजारात येऊ लागला. अनेक वर्षे भारतातल्या परकीय गुंतवणुकीचा सर्वांत मोठा स्रोत म्हणून या बारा-तेरा लाख वस्तीच्या देशाचे नाव छापून येई. २०१६ मध्ये करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरांवर भारत कर घेऊ लागला. मॉरिशसच्या यशातला हा भाग मला अनुकरणीय वाटत नाही, कारण तो दुसऱ्या देशाच्या तिजोरीतून आला. कपडे शिवून मिळवलेला डॉलर आणि पत्ता भाड्याने देऊन मिळवलेला डॉलर एकाच रकान्यात मांडता येत नाही.

२००५ मध्ये कापडाचे कोटे संपले आणि कारखाने बांगलादेश-चीनकडे सरकले. युरोपने साखरेचा हमीभाव २००६ पासून टप्प्याटप्प्याने ३६ टक्के कापला, २००९ मध्ये तो जुना करारही गेला. देश कोसळला नाही. साखर कारखाने एकत्र करून मोजकेच ठेवले, कामगारांना पैसे आणि जमिनीचे तुकडे देऊन निवृत्त केले, चिपाडापासूनची वीज विकण्यावर भर दिला. जुनी तडजोड पुन्हा एकदा कामी आली. पण जमीन अजून त्याच मळेवाल्यांच्या कंपन्यांकडे आहे, आणि २००२ च्या योजनेपासून तिच्यावर परदेशी धनिकांसाठी किमान पाच लाख डॉलरचे बंगले उठू लागले. उसाच्या नफ्यातून स्वेटरचा कारखाना निघाला तेव्हा त्यात हजारो जणींना काम होते. बंगल्यांत माळी आणि पहारेकरी लागतात. दुसरीकडे उरलेल्या कापड गिरण्यांत बांगलादेशी मजूर काम करतात, शिकलेली मॉरिशियन मुले परदेश गाठतात, आणि ज्या सरसकट निवृत्तिवेतनाने या तडजोडीला जनतेची संमती मिळवून दिली होती त्याचा खर्च म्हाताऱ्या होत चाललेल्या लोकसंख्येबरोबर फुगतो आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये शिवसागर यांचे पुत्र नवीन रामगुलाम पुन्हा पंतप्रधान झाले, तेही मुख्य बेटावरच्या साऱ्या जागा जिंकून. पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात त्यांच्या सरकारने निवृत्तिवेतनाचे वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ वर नेण्याचे जाहीर केले आणि लोक रस्त्यावर उतरले. १९५८ पासून चालत आलेल्या या वेतनाला तेव्हा साखरेचा आधार होता. आता तो भार उचलायला बंगले, बँका आणि हॉटेलांकडून किती कर घ्यायचा, याची बोलणी मॉरिशसमध्ये नुकतीच सुरू झाली आहेत.